मुकाह: सागोवर जगलेलं गाव

आजचा एपिसोड साबुदाण्याची खिचडी खाता खाता ऐकलात तरी चालेल, कारण विषय तिथूनच निघालाय. ‘सागू’ हा मुळात मलय शब्द. आपल्या डब्यातला साबुदाणा बनतो टॅपिओकाच्या कंदापासून, बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास. हा उद्योग उभा राहिला १९४०च्या दशकात, महायुद्धामुळे बाहेरचा माल बंद झाला तेव्हा. खरा सागो मात्र एका झाडाच्या खोडातून निघतो. त्या झाडावर जगलेल्या गावाबद्दल आज बोलू या.

गाव मुकाह. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात, दक्षिण चीन समुद्राच्या काठी. इथले लोक मेलानाऊ. जमीन दलदलीची, भात नीट येत नाही. पण सागोचा माड मजेत वाढतो. दहा-पंधरा वर्षं तो खोडात पीठ साठवत राहतो, एकदाच फुलतो आणि मरतो. म्हणून फुलायच्या आधी तोडायचा. एक दिवस उशीर नाही, पण फार घाईही नाही! ओंडके नदीतून तरंगत घरापर्यंत आणायचे, आतला गाभा किसायचा. पुढचं काम बायकांचं: नदीवरच्या मचाणावर चटई, चटईवर किसलेला गाभा, वरून पाणी ओतायचं आणि पायांनी तुडवायचं. पांढरं पाणी खालच्या डोणीत उतरतं, पीठ तळाशी बसतं. आता हे काम बहुतेक कारखान्यातली यंत्रं करतात. पाठीचे आणि गुडघ्यांचे हाल थांबले, ते बरंच झालं म्हणा.

हेच पीठ सिंगापूरला जायचं, तिथे धुऊन, दाणे पाडून पुढे युरोपला. पैसा आला की राजकारण येतंच. मुकाह तेव्हा ब्रुनेईच्या सुलतानाकडे होतं आणि शेजारच्या सारावाकमध्ये जेम्स ब्रूक नावाचा इंग्रज ‘राजा’ होऊन बसला होता. सागोच्या व्यापारावरून १८६०मध्ये लढाईची वेळ आली. शेवटी १८६१मध्ये सुलतानानं हा किनारा ब्रूकला देऊन टाकला. म्हणजे सरहद्द हलली ती एका झाडाच्या पिठापायी.

मला स्वतःला राजांपेक्षा जास्त धरून ठेवतं ते ‘बिलुम’. कुणी आजारी पडलं की वैदू सागोच्याच मऊ गाभ्यातून त्रास देणाऱ्या भुताची छोटी मूर्ती कोरायचा. भुताला त्या मूर्तीत बोलवायचं आणि मूर्ती घराबाहेर, त्याच्या जागी, पाण्याकडे किंवा रानाकडे नेऊन ठेवायची. ज्या झाडानं पोट भरायचं, त्याच झाडाच्या अंगात आजार बसवून निरोप द्यायचा! आज बहुतेक मेलानाऊ मुसलमान आहेत, काही ख्रिस्ती, जुना धर्म पाळणारे थोडेच. त्यामुळे या मूर्ती आता जास्त करून संग्रहालयांच्या काचेमागे दिसतात.

‘काऊल’ मात्र टिकलाय. पावसाळी वादळं सरली, समुद्र मासेमारीला खुला झाला, की बांबूला सजवलेली टोपली लावून नदीमुखाशी नैवेद्य न्यायचा. सोबत ‘तिबाऊ’, म्हणजे उंच मचाणावरून उडी मारून धरायचा झोका. आता एप्रिलमध्ये सगळ्या धर्मांचे लोक जमतात, पर्यटकही येतात. काही जणांना हा तमाशा वाटतो. मला विचाराल तर, उडी मारायला शिकणारं पोर गावात आहे, हे मोठं.

कारण खरी अडचण तीच आहे. वरच्या किनाऱ्यावर बिंटुलूत गॅसचे कारखाने, तिकडे कुचिंगमध्ये ऑफिसं. पोरं तिकडे जातात, घरात मलय बोलू लागतात. माड लावायचा तर फळ दहा-बारा वर्षांनी. तेवढा धीर कुठून आणायचा?

तेलियान गावात १९९९मध्ये जुन्या पद्धतीचं उंच खांबांवरचं घर, ‘लामिन दाना’, पुन्हा उभारलंय. पूर्वी लुटारूंच्या भीतीनं अशी घरं बांधत. आता तिथे पाहुणे राहतात, लिंबू-मिरचीतला कच्चा मासा म्हणजे ‘उमाई’ खातात, सोबत भाजलेले सागोचे दाणे. उमाई चाखायची तर पोट सांभाळून, बरं का!