मोगलीच्या दोन आया

मांडीवर विडीचं सूप असेल तर असू द्या. हात चालू ठेवून ऐकण्यासारखीच गोष्ट आहे.

गटाच्या शिलकीतून मुलांसाठी पुस्तकं घ्यावीत, असं आपल्या कुंभारीत सध्या बोलणं चाललंय. दुकानात गेलं की आधी हाताला लागतात ती गुळगुळीत कागदाची, कार्टूनच्या चित्रांची पुस्तकं. त्यात मोगली असतोच. घ्यावं का ते? घ्यावं की! चित्रं बघून पोर पुस्तकाला हात तरी लावतं. पण त्या गोष्टीतून काय काय गळून गेलंय, ते आईला ठाऊक असावं.

मूळ पुस्तक ‘जंगल बुक’, १८९४ सालचं. लिहिणारा रुडयार्ड किपलिंग, इंग्रज, पण जन्म मुंबईचा. गोष्ट घडते शिवनीच्या रानात, म्हणजे नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. १९६७ मध्ये अमेरिकेच्या डिस्ने कंपनीनं त्यावर सव्वा तासाचा कार्टून सिनेमा काढला आणि मग त्या सिनेमावरून लहान मुलांची पातळ पुस्तकं निघाली. पुस्तकाचा सिनेमा, सिनेमाचं परत पुस्तक. (आपल्यातल्या चाळिशीच्या बायांनी रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिलेला मोगली आणखी वेगळा, तो जपानमध्ये तयार झालेला.)

आता या फिरवाफिरवीत सगळ्यात जास्त कोण हरवलं? मोगलीची आई.

मूळ गोष्टीत वाघ शेरखान लांडग्यांच्या गुहेच्या तोंडाशी येतो आणि माणसाचं पोर मागतो. बाप लांडगा त्याला नाही म्हणतो. वाघ डरकाळी फोडतो. तेव्हा चार पिल्लांची ओली बाळंतीण पुढे होते आणि ठणकावते, हे पोर माझं आहे, कुणी त्याला हात लावायचा नाही. तिचं नाव रक्षा. वाघ माघार घेतो, कारण ही जीव जाईपर्यंत लढेल हे त्याला कळतं. सिनेमात हे नाहीच. तिथं मोगलीला गावाकडे धाडायचं लांडग्यांची सभा ठरवते, आईला कुणी विचारत नाही. पातळ पुस्तकात तर ती एखाद्या चित्रापुरती उरते.

अजगराचंही तसंच. मूळ पुस्तकात तो मोगलीला वाचवणारा मित्र, सिनेमात कपटी. असो, त्याचं मला एवढं नाही.

म्हशींचं मात्र वाईट वाटतं. सिनेमात मोगली वाघाच्या शेपटीला जळती फांदी बांधतो आणि वाघ पळतो. मूळ गोष्टीत तो गावात म्हशी राखायला जातो. वाघ डुक्कर खाऊन, पाणी पिऊन घळीत सुस्तावलेला असतो. मोगली कळप दोन ठिकाणी फोडतो. एका तोंडाला म्हशी-वासरं आणि दुसऱ्या तोंडानं रेडे हुसकावून खाली सोडलेले. पोट भरलेल्या वाघाला कडा चढवेना, तो तुडवून मेला. ज्या पोरानं शनिवार-रविवार गुरं राखलीत, त्याला ही युक्ती चटकन समजेल.

आणि दुसरी आई, मेसुआ. सिनेमाच्या शेवटी मोगली पाणी भरणाऱ्या एका मुलीच्या मागे गावात जातो आणि गोष्ट संपते. पुस्तकात गावातली मेसुआ त्याला घरात घेते, दूध-भाकरी देते. तिचं लेकरू वाघानं नेलेलं असतं, हा तोच असेल असं तिला वाटतं. पुढं गाव मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारतं. मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला बांधून ठेवतात, जाळून मारायचं ठरतं. त्यांची जमीन-म्हशी वाटून घ्यायचा बेतही तयार असतो. हा भाग १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. बायांनो, बाईला चेटकीण म्हणायचं आणि तिच्या जमिनीवर डोळा ठेवायचा, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा यायला २०१३ साल उजाडलं.

मोगली त्या दोघांना सोडवतो. त्या रात्री रक्षा मुद्दाम गावाशी येते. आपल्या पोराला दूध देणारी ही बाई कोण, तिला बघायचं असतं.

तेव्हा गटासाठी पुस्तक घेताना पहिलं पान उघडून बघा. ‘चित्रपटावर आधारित’ लिहिलंय का, मूळ लेखकाचं नाव आहे का, मराठी कुणी केलं ते दिलंय का. कार्टूनचं एक घेतलं तर त्याच्या जोडीला मूळ पुस्तकाचं मराठी भाषांतरही घ्या. ते जाड असतं, मोठ्या मुलीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. किपलिंग १९३६ साली वारला, त्याच्या लिखाणावरचा हक्क आपल्याकडे कधीच संपलाय. म्हणजे ही गोष्ट कुणीही, कुठल्याही भाषेत सांगावी. तुमच्या घरात तेलुगू असेल तर तेलुगूत, कानडी असेल तर कानडीत. वाचता येत नसलं तरी अडत नाही, आज ऐकलंत ना!

लहानग्यांना मेसुआपर्यंत न्यायची घाई मात्र नको. आधी म्हशींचं सांगा.