कातारगाम दरवाजाजवळची समाधी

सुरतेत कातारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे याची घुमटदार समाधी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी निघालेला हा अधिकारी १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर मरण पावला आणि त्याचे दफन सुरतेत झाले. मलबारचा कमांडर असताना त्याने कोचीन येथे सुरू केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे ‘मलबारची बाग’, हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथे छापला जात होता.

सुमारे ७४० वनस्पतींच्या या ग्रंथातील चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेली असल्यामुळे रंगाने होणारी ओळख रेषेवर सोपवावी लागली. विषारी वनस्पतींच्या बाबतीत ही जबाबदारी मोठी होती. ‘मेंडोणी’ या मल्याळी नावाने आलेली वेल म्हणजे आपली कळलावी. तिच्या पाकळ्यांचा पिवळा-तांबडा रंग शाईत उतरत नाही, परंतु पाकळ्या मागे वळलेल्या व कडेने नागमोडी असतात आणि पानाचे टोक लांबून तणाव्यासारखे वळते व आधाराला विळखा घालते, एवढ्या खुणा रेखाटल्या की ती ओळखता येते. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावीत, त्यावरून हे नाव पडले. तोच कंद पोटात गेल्यास जीव घेतो, म्हणून आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत, म्हणजे शोधन करूनच वापरायच्या विषांत, केली आहे. ‘कनिरम’ म्हणजे काजरा. त्याच्या चपट्या बियांचा कुचलाही उपविषच आहे.

तथापि चित्राइतकेच मोल नावाला आहे. अनेक चित्रांवर रोमन, मल्याळी व अरबी लिपींबरोबर नागरीतही नावे कोरलेली आहेत. ती कोकणी नावे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांनी निघंटूच्या, म्हणजे औषधी द्रव्यांची नावे व गुण सांगणाऱ्या कोशाच्या, आधारे पुरवली, तर मल्याळी नावे व उपचार इट्टी अच्युतन या वैद्याने सांगितले. या चौघांवाचून ती चित्रे केवळ पानाफुलांच्या आकृत्या राहिली असती, आणि म्हणून ग्रंथाचे श्रेय एकट्या ऱ्हीडेला देणे अन्यायाचे आहे. तिघा कोकणी पंडितांचे १६७५ सालचे नागरीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. शेवटचा खंड १६९३ साली निघाला, तेव्हा ऱ्हीडे सुरतेच्या मातीत होता.