ती माणसं कोणाची?



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडच्या गावांतून ट्रक भरभरून माणसं निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं बरोबर. मागे शाळेत गुरुजी हजेरी घेतात, तर ओळीच्या ओळी गैरहजर. ही मंडळी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. माणसांची मोजदाद हत्यारावरून व्हावी, याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

हा कोयता कामाला लागतो कसा? कारखाना करार करतो तो बहुधा वाहतूकदाराशी. वाहतूकदार पैसे देतो मुकादमाला आणि मुकादम 'उचल' देतो कोयत्याला. ही उचल पावसाळ्यात घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून फेडायची. एखादा दिवस तापात गेला की खाडा पडतो. म्हणजे त्या दिवसाची कमाई तर बुडतेच, वर पुष्कळ ठिकाणी दंडही कापला जातो. उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या सालावर. बाकीसाठी माणसांना डांबून ठेवल्याच्या, मारहाण केल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेलेल्या आहेत.

अशा वेळी कारखान्याच्या कचेरीत विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "आमचा करार वाहतूकदाराशी. ती माणसं आमची नव्हेत." कागदापुरतं हे खोटं नाही. त्या कागदावर तोडणाऱ्या बाईचं नाव शोधून सापडत नाही.

पण जरा फडात चला. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हे ठरवतो कारखान्याचा शेतकी विभाग. फडावर येतो तो कारखान्याचा चिटबॉय. गाडी लागते ती कारखान्याच्या काट्यावर. बरं, तोडणीचा दर तरी मुकादम ठरवतो का? तोही नाही. साखर संघ आणि मजुरांच्या संघटना समोरासमोर बसून तो ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली ती अशाच वाटाघाटीत. म्हणजे ऊस किलोपर्यंत मोजला जातो, आणि त्याच फडात मोळी उचलणारं दहा वर्षांचं पोर मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही!

२०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होतं, आणि खाड्याची धास्तीही होती. पाळीच्या दिवसांत ना पाणी, ना आडोसा, ना सुट्टी. एवढ्या बायका एकट्या मुकादमामुळे आजारी पडल्या, असं म्हणून कारखान्याला हात झटकता येतील काय?

कायद्यानं हे तत्त्व केव्हाच मानलं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असं होतं की, ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. २०२० च्या संहितेतही ते ठेवलेलं आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं जी तत्त्वं मान्य केली, त्यांत तर उद्योगानं आपल्या पुरवठादाराच्या वागण्याकडेही पाहावं, असं म्हटलं आहे. पण मजुराचं नावच नोंदलेलं नसलं, तर त्यानं कोणता कायदा घेऊन कुणाच्या दारात जावं?

आता एक अवघड गोष्ट बोलतो. रागावू नका. कारखाना म्हणजे कोण? १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं, ते शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. आजही सहकारी कारखान्याचे मालक म्हणजे त्याचे सभासद, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण. वार्षिक सभेत आपण उसाचा भाव विचारतो, उतारा विचारतो, सवलतीची साखर किती मिळणार तेही विचारतो. कोयत्यांची नोंदवही आहे का, फडाजवळ पाण्याची सोय कोण करतो, पोरांच्या शाळेचं काय, हे विचारलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही.

आणि विचारायचं तर ते पावसाळ्यातच. करार तेव्हा होतात, उचल तेव्हा वाटली जाते. वाहतूकदाराच्या करारात मजुराचं नाव, वय आणि आजारपणाची सुट्टी घालायची, तर तेव्हाच घालता येते. ट्रक एकदा गावाबाहेर पडले, की पुढले पाच-सहा महिने उसाच्या टनांखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही.