सागरावरील प्रीती व तिची कसोटी
(ज्युबिली समारंभातील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही सागराविषयी दोन शब्द बोलू इच्छितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची चूल पिढ्यान्‌पिढ्या सागरानेच पेटती ठेविली आहे. तेव्हा त्याजवर प्रीती करा, असा उपदेश करण्याचे प्रयोजन नाही. परंतु खरी प्रीती मनुष्याकडून काय मागते, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

या बाबतीत सिल्व्हिया अर्ल या अमेरिकन विदुषीचे चरित्र बोधप्रद आहे. त्यांचा जन्म 1935 सालचा. तीन वर्षांच्या असताना न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका लाटेने त्यांस खाली पाडिले. पण भय वाटण्याऐवजी त्यांस समुद्राची ओढच लागली. पुढे कुटुंब फ्लोरिडात गेले व मेक्सिकोचे आखात हेच त्यांचे अंगण झाले. सागरी शेवाळांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. 1964 साली आपल्या हिंदी महासागरातील संशोधनसफरीत त्या गेल्या, तेव्हा नौकेवर त्या एकट्याच स्त्री होत्या. 1970 साली पाच स्त्रियांच्या तुकडीच्या प्रमुख या नात्याने त्या दोन आठवडे पाण्याखालील निवासात राहिल्या. आणि 1979 साली हवाई बेटांजवळ, खास चिलखती पोशाखात, 381 मीटर खोल सागरतळावर चालल्या.

इतके वैभव ज्यांनी पाहिले, त्यांच्याच डोळ्यांदेखत त्यास ओहोटी लागली. मग नुसते पाहणे त्यांस पुरेना. 2009 साली त्यांनी ‘मिशन ब्लू’चे कार्य आरंभिले. रक्षणास योग्य अशा सागरी स्थळांस ही संस्था ‘आशास्थाने’ म्हणते. आपली लक्षद्वीप व अंदमान बेटे त्यांत आहेत.

या बाईंनी मासे खाणेही सोडिले आहे. हे आमच्या कोळी बांधवांस सांगण्यास आम्ही धजणार नाही. ज्याचे पोट जाळ्यावर आहे, त्याने जाळे टाकू नये असे कोण म्हणेल? खुद्द पेत्र व आंद्रिया हे जाळी टाकणारेच होते. परंतु उत्पत्तीच्या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ‘फलद्रूप व्हा’ हा आशीर्वाद परमेश्वराने जलचरांस पाचव्या दिवशी, म्हणजे मनुष्याच्या निर्मितीपूर्वीच दिला. अंडी घालण्याआधीच पापलेटाचे पिल्लू जाळ्यात ओढणे म्हणजे त्या आशीर्वादाच्या आड येणे होय. शिवाय उद्याची मासळी आजच संपते, ती वेगळीच.

2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, व त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरविला. यांत्रिक नौकांस 1 जून ते 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. हे नियम पाळताना लहान होडीवाल्याच्या घरी तंगी येते, हे आम्ही जाणतो. म्हणून हा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर नसावा. त्याने जाळ्याची आस मोठी ठेवावी. आणि गिऱ्हाइकाने बारीक पिल्लांची पाटी, स्वस्त मिळाली तरी, घेऊ नये. विकत घेणारा नसेल, तर पकडणाराही हात आवरील.

प्रीतीची कसोटी घेण्यात नव्हे, राखण्यात आहे. आपल्या वाडवडिलांनी जो भरलेला सागर आपल्या हाती दिला, तो नातवंडांच्या हाती भरलेलाच देण्याची सुबुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो, इतकी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.