संघाचा वस्ताद कोण?



राष्ट्रीय हौशी मुष्टियुद्ध संघाचा मुख्य प्रशिक्षक कसा निवडावा, हा विषय मुळशीसारख्या कुस्तीच्या तालुक्यात काढला म्हणजे काहींना नवल वाटेल. ज्यांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली, ते मामासाहेब मोहोळ मुळशीचेच. लाल मातीतल्या माणसांना ठोशांच्या खेळाशी काय कर्तव्य? पण वस्ताद म्हणजे काय, हे ज्यांना समजावून सांगावे लागत नाही, अशांपुढेच हा प्रश्न लवकर उलगडतो. शिवाय हा खेळ आता आपल्याला परका नाही. २००८ सालचे राष्ट्रकुल युवा सामने म्हाळुंगे-बालेवाडीस झाले, त्यांत मुष्टियुद्ध होते. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट २००१ पासून मुष्टियोद्धे घडवीत आली आहे. उद्या आपली मुलगी राष्ट्रीय शिबिरास निघाली, तर तिला कोणाच्या हाती सोपवावयाचे, हा आपल्याच घरचा प्रश्न होईल.

पहिली गोष्ट अशी की, मोठा मल्ल तो मोठा वस्ताद, हा हिशेब खोटा आहे. स्वतःला डाव येणे निराळे आणि दुसऱ्याच्या अंगात तो उतरविणे निराळे. ओमप्रकाश भारद्वाज यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या लष्करी शारीरिक शिक्षण शाळेत ते शिकवीत असत. १९७५ साली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मुष्टियुद्ध-प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा तो उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९६८ ते १९८९ ते राष्ट्रीय प्रशिक्षक होते. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार प्रथमच दिले गेले. त्या पहिल्या तिघांत त्यांचे नाव होते. त्यांचे मोठेपण स्वतःच्या पदकांवर नव्हे, शिकविण्यावर उभे होते.

दुसरी गोष्ट. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती कोरी पाटी येत नाही. त्याच्याकडे येणारा खेळाडू दुसऱ्याने घडविलेला असतो. २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगने ऑलिंपिकमधील भारताचे मुष्टियुद्धातील पहिले पदक मिळविले. त्याला भिवानीत घडविले जगदीश सिंग यांनी. राष्ट्रीय संघाची धुरा होती गुरबक्षसिंग संधू यांच्याकडे. आणि त्यांच्या जोडीला होते क्यूबाचे फर्नांडेझ. पदक एक, पण त्याला हात तिघांचे. आपल्या तालमीतले पोर परक्या वस्तादाने मोडले, तर गावचा वस्ताद कष्टी होतो, तसेच हेही. म्हणून उमेदवाराला मी पहिला प्रश्न हा विचारीन: या मुलीच्या पहिल्या गुरूशी तुम्ही बोलाल का? जो म्हणेल, "मी आलो, आता मागचे सगळे विसरा," त्याला दुरूनच नमस्कार करावा.

देशी की परदेशी, हा वाद आपल्याकडे नेहमी रंगतो. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. फर्नांडेझ हे परदेशी असूनही २०१२ साली द्रोणाचार्य ठरले. खरी परीक्षा वेगळीच आहे. लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. म्हणजे साऱ्या लढतीत कोपऱ्यात बसून बोलावयास प्रशिक्षकाला मिळतात मोजून दोन मिनिटे! खेळाडू धापा टाकतो आहे, डोळ्यांपुढे अंधारी आहे. त्या वेळी त्याला कळेल असे दोन शब्द ज्याच्या तोंडी येतील, तोच उपयोगाचा. आणि आपल्या खेळाडूला आता मार सोसवत नाही हे ओळखून, पदकाचा मोह सोडून लढत थांबविण्याची खूण करील, तोच विश्वासाचा. कुस्तीत पाठ लागली तर माणूस पुन्हा उठतो. डोक्याला बसलेला मार मात्र जन्मभर पुरतो. हे ज्याला उमगले नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नये.

आता मुदतीविषयी. क्यूबात अल्सिदेस सागारा यांनी १९६४ साली संघ हाती घेतला. त्या वर्षी त्यांच्या देशाला मुष्टियुद्धात ऑलिंपिक पदक नव्हते. १९६८ साली दोन रौप्यपदके आली, आणि १९७२ साली म्यूनिकला तीन सुवर्णपदके. आठ वर्षे थांबण्याचा धीर त्या देशाने दाखविला. आपल्याकडे टोकिओच्या सामन्यांत पाचांपैकी चार पुरुष खेळाडू पहिल्याच लढतीत हरले आणि त्याच वर्षी, २०२१ साली, पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक बदलला. तीन वर्षांनी पॅरिसला मुष्टियुद्धात पदकच आले नाही. तो बदल चूक होता असे मी म्हणत नाही. पण नुसता माणूस बदलल्याने खेळ बदलत नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

मुदत म्हणजे मोकाट सूट नव्हे. चार वर्षांचे काम आधी लिहून द्यावे. दरसाल हिशेब घ्यावा, आणि तो केवळ पदकांचा नको: किती खेळाडू सुधारले, किती जखमी झाले, किती नवे पुढे आले, हेही विचारावे. संघनिवडीचे नियम आधी जाहीर व्हावेत. प्रशिक्षकाचे मत त्यात ऐकले जावे, पण नियम त्याच्या मर्जीवर नसावेत. वस्तादाने आपल्याच तालमीच्या पोराला झुकते माप दिले, तर फडावर काय बोलले जाते, ते तुम्ही जाणता.

तेव्हा, ज्याच्या गळ्यात पदके अधिक तो नव्हे, तर ज्याच्या हाताखालून गेलेली माणसे वाढली, तो निवडावा. त्याला वेळ द्यावा आणि त्याच्याकडून हिशेबही घ्यावा. ही कसोटी दिल्लीच्या संघाला लागू, तशीच आपल्या गावच्या तालमीलाही.