वडगावकर कोणत्या वडगावचे?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या युसूफ वडगावात ‘वडगावकर’ शोधू गेल्यास बहुधा सापडावयाचा नाही. गाव सोडले म्हणजेच गावाचे नाव माणसास चिकटते! आयर्लंडातील आडनावांमागचे ‘ओ’ व ‘मॅक’ पूर्वज सांगतात. आपला ‘कर’ केवळ गाव सांगतो. आणि वडगावे तरी किती! १७७९ च्या तहाचे वडगाव मावळात, पेठ वडगाव कोल्हापूरकडे, आपले केज तालुक्यात. तेव्हा आडनाव एक म्हणून कूळ एक, असे समजू नये. कुलदैवत, देवक व वडगाव कोणते, हे आधी विचारावे. आमच्याच घरची एक सोयरीक ‘भाऊबंद’ म्हणून मोडली. वडगावे निराळी होती, हे मुलीचे लग्न अन्यत्र झाल्यावर कळले.