डोंग्यात पाय ठेवण्याआधी

(हिंगणा तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. मागच्या मेळाव्यात पोटगी होती, त्याआधी दारूबंदी, आणि आज काय तर खेकडे! हसा, हरकत नाही. पण मघाशी चहाच्या वेळी मी विचारलं, पावसाळ्यात खेकडे धरायला कोण कोण जातं, तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर आले. पोहता कुणाकुणाला येतं विचारलं तेव्हा तीन हात वर आले. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेबद्दल मला बोलायचं आहे.

खेकडा ही बाईची कमाई आहे. मासेमारीला जाळं लागतं, तलावाचा ठेका लागतो, सोसायटीचं सभासदत्व लागतं, आणि त्या सोसायटीत बहुतेक पुरुषच असतात. खेकड्याला यातलं काही लागत नाही. पहिला दमदार पाऊस झाला की रात्री बॅटरी आणि एक गंज घेऊन बाई नाल्यावर, तलावाच्या पाळीवर, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर जाते. दोन दिवसांचं कालवण सुटतं, उरलं तर बाजारात चार पैसे मिळतात. यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच मी खेकड्याला हलकं समजत नाही. मात्र हे काम घरात काम म्हणून मोजलं जात नाही आणि सरकारी कागदावरही नाही, त्यामुळे त्यातला धोकाही मोजला जात नाही. नाल्यावर गेलेली बाई परत आली नाही तर लोक म्हणतात, कशाला गेली होती मरायला? शेतावर गेलेला पुरुष परत आला नाही तर असं कुणी म्हणत नाही.

आधी काठावरचं बोलू. बिळात हात घालणं ही सगळ्यात वाईट सवय. जुन्या बाया सांगतात की बिळाच्या तोंडाशी ताजी ओली माती असेल तर आत खेकडा आहे. हे पुष्कळदा खरं असतं, पण ती काही हमी नाही. पाणी वाढलं की सापही कोरडी जागा शोधतो, आणि खेकड्याचं रिकामं बीळ त्याला आयतंच मिळतं. आपल्याकडे नाग, घोणस, मण्यार तिन्ही आहेत. वाकवलेल्या तारेने किंवा काठीने खेकडा बाहेर काढा, हात घालू नका. साप चावलाच तर ब्लेडने कापायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, बाबाकडे तर न्यायचंच नाही. हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. औषध तिथेच आहे.

दुसरी गोष्ट विजेची. जूनमधला जो पाऊस खेकडे बाहेर काढतो तोच वीज घेऊन येतो. उघड्या तलावात गुडघाभर पाण्यात उभी असलेली बाई, किंवा नावेत बसलेली बाई, ही आसपासची सगळ्यात उंच वस्तू असते. पहिला गडगडाट ऐकला की पाण्यातून निघायचं, आणि झाडाखाली न जाता पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाची मोबाईलवरची सोय केली आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर ती कळवते. घरातला मोबाईल मुलाच्या खिशात असतो हे मला माहीत आहे. त्या मुलाला कामाला लावा.

आता डोंगा. खेकड्यांची बाई डोंग्यात कशी पोचते? दोन वाटांनी. एक, नवरा जाळं ओढतो तेव्हा वल्हं तिच्या हातात असतं, जाळ्यात अडकलेले खेकडेही तीच सोडवते, कारण खेकडा जाळं कुरतडतो आणि फाटलेलं जाळं शिवायचं काम पुन्हा तिचंच. दुसरी वाट म्हणजे पलीकडे जाणं. पलीकडच्या काठावर मजुरी असते, बाजार असतो, माहेर असतं. पूल दहा-पंधरा कोसांच्या फेऱ्यावर, आणि डोंगा समोर उभा.

23 जानेवारी 2024 ची गोष्ट ऐका. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै.) गावच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव मध्येच उलटली आणि सहा जणी बुडाल्या. जानेवारी महिना, म्हणजे पूर नाही, वादळ नाही. मिरचीच्या हंगामातला रोजचा रस्ता होता तो.

आपल्या हिंगण्याजवळच्या घटना वेगळ्या. जुलै 2017 मध्ये वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. जुलै 2023 मध्ये आपल्याच तालुक्यात मोहगाव झिल्पीच्या तलावात पाच तरुण बुडाले. या दोन्ही वेळी पेपरांनी लिहिलं, तरुणांचा बेफिकीरपणा, फोटोचा मोह. असेल. पण हाच चष्मा लावून गणपूरच्या बायांकडे पाहता येत नाही. त्या फोटो काढायला निघाल्या नव्हत्या. ‘काळजी घ्या’ असं मजुरीवाल्या बाईला सांगून भागत नाही, याचं कारण इथे आहे. सहलीचा माणूस म्हणू शकतो, नाव भरली आहे, मी पुढच्या खेपेला येतो. मजुरीवाली बाई तसं म्हणाली तर उशीर होतो, रोज बुडतो, उद्या तिच्या जागी दुसरी. नावाड्याला चार माणसं जास्त बसवली की चार जणांचं भाडं जास्त मिळतं. त्याचंही पोट आहे, मी त्याला राक्षस म्हणणार नाही. पण या हिशोबात ‘नाही’ म्हणायची ताकद कुणाकडेच उरत नाही.

म्हणून नाही एकटीने म्हणायचंच नाही, गटाने म्हणायचं. मिरची तोडायला दहा जणींचा गट निघतो ना? मग गटाने आदल्या दिवशी ठरवा की एका खेपेला किती जणी बसतील, पहिल्या खेपेला कोण, दुसऱ्याला कोण, आणि वावराच्या मालकाला सांगा की शेवटची बाई पोचेल तेव्हा काम सुरू होईल. एका गावातल्या बायांनी मला उलट विचारलं, ‘मॅडम, मालक ऐकेल का?’ एकीचं नाही ऐकणार. मिरची झाडावर पिकलेली असताना दहा जणींचं ऐकतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

किती जणी बसायच्या, हे डोळ्यांनी कळतं. नाव भरल्यावर तिची कड पाण्याच्या वर किमान वीतभर दिसली पाहिजे. चार बोटं दिसत असेल तर एक उतरा, वारा असेल तर दोन उतरा. ओझं, सायकल, टोपली, शेळी, सगळं मध्यभागी आणि तळाशी. बसायचं तेही तळाशी. उभं राहिलं की नावेचा भार वर जातो आणि ती जरा कलली तरी पालथी होते. पाण्यात काही दिसलं म्हणून सगळ्या एका बाजूला वाकल्या, तर ती नाव संपली. निघण्याआधी नावेत साचलेलं पाणी काढा. पाणी तळाशी इकडून तिकडे धावतं आणि ज्या बाजूला नाव झुकते त्याच बाजूला जाऊन बसतं. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे लोक आपण धरणांवर पाहतो. ते साधन एकट्या, सवयीच्या माणसाचं. त्यावर दुसरीने बसू नये, पोराला तर कधीच बसवू नये.

वाऱ्याचं हलकं घेऊ नका. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं तर पलीकडेच थांबा, रात्र काढावी लागली तरी थांबा. बाई रात्री परत आली नाही तर घरी काय होतं, हे मला माहीत आहे. म्हणून सासूला आणि नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, भांडण व्हायचं ते आधी होऊ द्या. आणि धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनो, आकाश कोरडं असलं तरी वरून दारं उघडली की पाणी चढतं. गोसीखुर्दच्या खाली वैनगंगेकाठी राहिलेल्या बाया इथे आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. भोंगा वाजला की नदीच्या पात्रातून बाहेर. खेकड्यांचा गंज तिथेच राहू द्या.

कपड्यांचं बोलते, पुरुष मंडळी बसली आहेत तरी बोलते. ओलं लुगडं पायांना गुंडाळतं, निऱ्या पाण्यात फुगतात आणि मग पाय मारता येत नाहीत. नावेत बसताना पदर कमरेला घट्ट खोचा आणि निऱ्या गुडघ्यापर्यंत वर घ्या, किंवा सलवार घाला. लोक काय म्हणतील ते काठावर उभे राहून म्हणतील. लाईफ जॅकेट असेल तर अंगात घालून सगळे पट्टे बांधायचे. बसायला मऊ लागतं म्हणून ते बुडाखाली घेतलेलं मी पाहिलं आहे. ते मिळेपर्यंत निदान पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन प्रत्येकीजवळ दोरीने बांधलेला असू द्या. तो जॅकेटची जागा घेत नाही, पण छातीशी धरला तर तोंड पाण्याबाहेर राहायला मदत होते.

नाव उलटली तर नाव सोडू नका. लाकडी नाव पालथी झाली तरी बहुधा तरंगते, तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो तितका जवळ नसतो. आणि काठावर असणाऱ्यांनो, बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो, ओरडणार कधी? मूल पाण्यात गप्प झालं की समजा. त्याच्यामागे उडी मारू नका, ते तुम्हालाच कवटाळेल. बांबू पुढे करा, दोरी टाका, दोन लुगडी गाठ मारून फेका, कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनळीत शिरतं. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोरात आणि भराभर तीस वेळा दाबा, दोन श्वास द्या, पुन्हा तीस. 108 ला फोन दुसऱ्या कुणीतरी करायचा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. हे नुसतं ऐकून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गावात बोलावून बाहुलीवर शिकून घ्या. मीसुद्धा एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे शिकले नव्हते, पुढे कामाला लागल्यावर शिकले.

आता कागदांचं. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिन नसलेल्या नावांची नोंद जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत अशा पातळीवर करण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे तुमच्या घाटावरच्या डोंग्याची नोंद व्हावी, त्यावर किती माणसं बसतील हे रंगाने लिहिलेलं असावं, आणि जॅकेट घाटावर ठेवलेली असावीत, असा ठराव ग्रामसभेत मांडायला काहीच हरकत नाही. मांडाच.

दुसरा कागद विम्याचा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा ठेवला गेला. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. वयाची अट 18 ते 70, आणि हप्ता सरकारांनी भरायचा. 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला. ऐकायला छान वाटतं. पण मच्छीमार म्हणजे कोण? यादी होते ती सोसायटीच्या सभासदांवरून, आणि यादीत नाव नवऱ्याचं. जी रात्रभर धुऱ्यावर खेकडे धरते, जी जाळं शिवते, बाजारात पाटी घेऊन बसते, तिचं नाव त्यात नसेल तर तिच्या मरणाला कुठल्याच रकान्यात जागा नाही. शेतकऱ्यांसाठी अपघाताची वेगळी मदत आहे, पण ती सात-बाऱ्यावर नाव असलेल्या घराला. मिरची तोडायला जाणाऱ्या भूमिहीन बाईला तीही नाही. भंडारा-गोंदियाकडे ढिवर बायकांनी मालगुजारी तलावांत पाणवनस्पती लावून मासे परत आणायचं काम केलं आहे. पाणी त्यांना कळत नाही असं म्हणायची आता कुणाची हिंमत नाही. तरी सभासदत्व मागायला गेलं की आधी विचारतात, तुमचे मालक कुठे आहेत?

म्हणून आज अर्ज दोन आहेत. एक ग्रामपंचायतीला, घाटावरच्या डोंग्याच्या नोंदीचा आणि जॅकेटांचा. दुसरा सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, नागपूर यांना, खेकडे आणि मासे धरणाऱ्या प्रत्येक बाईची स्वतःच्या नावाने नोंद करून विम्यात घेण्याचा. विम्याची सध्या काय स्थिती आहे, कोणते कागद लागतात, हे त्याच कार्यालयातून लेखी मागायचं, तोंडी उत्तर घेऊन परत यायचं नाही. दोन्ही अर्ज मागच्या टेबलावर आहेत, शाईचं पॅडही आहे. ज्यांच्या गावाला घाट आहे त्या बायांनी आधी या, त्यांना पाचची गाडी धरायची आहे. आणि ज्या तिघींनी पोहता येतं म्हणून हात वर केला होता, त्यांनी जाऊ नका. तुमच्याशी मला वेगळं बोलायचं आहे. झिल्पीच्या उथळ काठावर कंबरभर पाण्यात, दोरी बांधून, मुलींना शिकवायला उन्हाळ्यात कोण येईल ते आजच ठरवू.